उंबरखिंडीत एकही विझर्ड नव्हता

बाळा, गणपतीत आजोळी कासूला तुमचा डाव बसला होता, तेव्हा तुझं उतरलेलं तोंड मी पाहिलं. तुझी मामेबहीण विझर्ड, तू फायटर. ती आगीचे गोळे फेकते, हवेतून उडते, आणि तुझी पाळी आली की तू फासा टाकून 'मारतो' एवढंच म्हणतोस. शेवटी चिडून म्हणालास, पुढच्या वेळी मीपण जादूगार होणार. खुशाल हो, पण त्याआधी हॉस्टेलपासून हा खेळ खेळत आलेल्या मामाचं थोडं ऐकून घे.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं तेव्हा त्यात पात्रांचे तीनच वर्ग होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. गायगॅक्स आणि आर्नेसन ही दोघं टेबलावर सैन्यं मांडून लढाया खेळणारी माणसं. त्यामुळे या खेळाच्या मुळाशी एक प्रश्न आहे: लढाई कुठे करायची? तो प्रश्न फायटरचा. तू मात्र 'किती डॅमेज' एवढंच विचारतोस आणि विझर्डशी तिच्याच मैदानात हरतोस.

आता आपल्याच जिल्ह्यातलं बघ. शाइस्ताखानानं पुण्याहून कारतलबखानाला कोकणात पाठवलं, सोबत रायबागन ही सरदार बाई. फेब्रुवारी १६६१. घाट उतरून फौज चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत शिरली. अरुंद वाट, दोन्हीकडे दाट रान. महाराजांनी तिला आत येऊ दिलं आणि मग पुढची आणि मागची अशा दोन्ही वाटा अडवल्या. झाडीतून मारा सुरू झाला. खानाला वळता येईना, पाणी मिळेना, फौज पसरून लढता येईना. संख्या त्याची मोठी होती, पण तिथे तिचा उपयोग शून्य. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे, तिकडे लक्ष दे. रायबागननं शरण जायचा सल्ला दिला, खानानं खंडणी मोजली, आणि महाराजांनी त्याला जिवंत जाऊ दिलं.

हे टेबलावर असं उतरव. डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, खोलीचं वर्णन केलं की तलवार काढण्याआधी विचार: दार किती रुंद आहे? दुसरी वाट आहे का? उंचवटा कुठे? नागोठण्याचा सोळाव्या शतकातला दगडी पूल पाहिलायस ना? तशा अरुंद जागी तू उभा राहिलास तर दहा गॉब्लिन असोत की पन्नास, तुझ्यासमोर एका वेळी एकदोनच येणार. जो तुला टाळून मागच्या विझर्डकडे पळू बघेल त्याच्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅक. सेंटिनेल फीट घेतलंस तर तो वार लागताच त्याचा वेग शून्य, जागेवरच खिळला. मुलं मोठी तलवार घेतात आणि सेंटिनेल विसरतात, याचं मला कायम नवल वाटतं.

नुसता वार करू नकोस, पकड आणि पाड. आधी ग्रॅपल, मग धक्का देऊन आडवा. वेग शून्य झालेल्याला उठताच येत नाही, आणि शेजारी उभा असलेला तुमचा प्रत्येक जण त्याच्यावर ॲडव्हान्टेजनं वार करतो. मात्र तिरंदाजाला आधी सांगून ठेव, कारण पडलेल्या शत्रूवर लांबून मारलं तर उलट डिसॲडव्हान्टेज. शिवाय तुझ्याहून एकाच आकारानं मोठ्या प्राण्यापर्यंतच हे चालतं. मोठ्या ड्रॅगनच्या गळ्यात पडायला जाऊ नकोस.

समोर जादूगार असला की तो तुझा. मंत्रावर कॉन्सन्ट्रेशन धरून बसलेल्याला प्रत्येक घावाला वेगळा सेव्ह करावा लागतो, दहाचा किंवा डॅमेजच्या निम्म्याचा, जो मोठा असेल तो. म्हणून एका दणक्यापेक्षा तीनचार छोटे घाव बरे. जादा ॲक्शन देणारा ॲक्शन सर्ज अशा वेळेसाठी राखून ठेव. पहिल्याच उंदरावर उधळू नकोस.

बॅटल मास्टर झालास तर कमांडर्स स्ट्राइक घे. आपला एक वार सोडून सोबतच्या रोगला, म्हणजे चोरट्याला, मारायला लावायचं. त्याचा स्नीक अटॅक दर टर्नला एकदा, आणि ही टर्न तुझी, म्हणजे त्याला तो पुन्हा मिळतो. दुसऱ्याच्या हातून मारण्यात कमीपणा वाटत असेल तर सेनापती होण्याची स्वप्नं सोडून दे.

आणि हिशेब ठेव. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे फायरबॉल टाकण्याजोगे स्लॉट दोनच, विश्रांतीत फार तर आणखी एक. तुझी तलवार संपत नाही. तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये तुझा सेकंड विंड आणि ॲक्शन सर्ज दोन्ही परत येतात. दिवसात एकच लढाई ठेवणारा डीएम नकळत विझर्डची बाजू घेतो, हे त्याला गोडीत सांग.

खरं तेही सांगतो. लेव्हल वाढली की विझर्ड क्षणात दुसऱ्या प्रांतात जाते आणि तू चालतच राहतोस. नियमांनी फायटरवर अन्याय केलाय. १९७८ च्या जुन्या नियमांत नवव्या लेव्हलच्या फायटरनं गढी बांधली की त्याच्याकडे सैनिक चालून येत. पुढे ते गेलं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं त्याला विझर्डच्या तोडीचे डावपेच दिले, तर लोकांनी नाकं मुरडली. म्हणून शीटवर नसलेलं डीएमकडे माग: माणसं, हेर, दोर, शिड्या, वाटाड्या, एखादा किल्लेदार ओळखीचा. यशवंती घोरपडीची गोष्ट विसर, दोर लक्षात ठेव. सुधागडाचा महादरवाजा बुरुजांच्या आड वळवून बांधलाय. तशा दारावर धडका मारणारा फायटर कामाचा नाही, रात्री मागच्या कड्यानं पन्नास माणसं चढवणारा कामाचा.

शत्रू हरतोय असं दिसलं की हात थांबव आणि बोलणी कर. शरण आलेला ओर्क पुढच्या गुहेची वाट सांगतो, मेलेला सांगत नाही. डीएम तयार नसेल तर खानाची खंडणी त्याला ऐकव.

दिवाळीच्या डावाला येशील तेव्हा डीएमकडून त्या मुलखाचा नकाशा आधीच मागून घे, आणि एक दिवस जास्तीचा काढून ये. खोपोली-पाली रस्त्यानं चावणीला जाऊ, खिंड पायी बघू. कासूहून सकाळी निघालं तर जेवायला परत येता येतं.