रेशमी पट्टीवरील समुद्र

जमिनीवर गुराढोरांसाठी कुरणे असतात, तशी समुद्रातही असतात. फरक इतकाच, की समुद्रातील कुरणे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. समुद्राचे पाणी ओंजळीत घेतले, तर ते निर्मळ भासते. परंतु तेच पाणी पुष्कळ प्रमाणात घेऊन दाट विणीच्या रेशमी कापडातून गाळले आणि कापडावर उरलेला साका सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला, तर एक आगळीच सृष्टी दृष्टीस पडते. कोणी काचेच्या डबीसारखा, कोणी सुईसारखा, तर कोणी लांब शृंगिका पसरून बसलेला. स्वतःच्या बळावर प्रवाहाविरुद्ध जाण्याची शक्ती यांच्या अंगी नसते. पाणी नेईल तिकडे हे जीव वाहत जातात, म्हणून त्यांस 'प्लवक' असे म्हणतात. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा फुटताना निळसर उजेड चमकतो. तोही प्लवकांपैकीच काही जीवांचा खेळ होय.

प्लवकांचे दोन मुख्य वर्ग आहेत. सूर्यप्रकाशावर आपले अन्न स्वतः तयार करणारे ते वनस्पती-प्लवक, आणि त्यांवर किंवा एकमेकांवर जगणारे ते प्राणी-प्लवक. प्राणी-प्लवकांवर लहान मासे पोसतात, लहान माशांवर मोठे मासे पोसतात आणि त्या सर्वांवर कोळ्यांचे घर चालते. कुरण वाळले, की गुरे हटतात. त्याचप्रमाणे समुद्रातील हे कुरण बदलले, की मासे बदलतात. म्हणून मत्स्यसंशोधनात प्लवकांची ओळख पटविणाऱ्या तज्ज्ञाला मोठे महत्त्व आहे. तो मासा पकडीत नाही, जहाजही हाकीत नाही. सूक्ष्मदर्शकापुढे बसून त्याने दोनच प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात : हा जीव कोणता, आणि असे किती?

या कामाची सर्वांत दीर्घ परंपरा इंग्लंडात आहे. तिचे जनक सर ॲलिस्टर हार्डी हे होत. हार्डी यांचा जन्म १८९६ साली झाला. १९२१ मध्ये ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट येथील मत्स्यसंशोधन केंद्रात दाखल झाले. उत्तर समुद्रातील हेरिंग मासा काय खातो, हे शोधण्याचे काम त्यांनी हाती घेतले. हेरिंग हा आपल्या तारलीसारखा, चांदीप्रमाणे चकाकणारा आणि थव्याने राहणारा मासा आहे. हार्डी यांनी लहानमोठ्या हेरिंगांची पोटे उघडून त्यांतील एकेक जीव ओळखून काढला. बारीक पिल्लापासून पूर्ण वाढलेल्या माशापर्यंत त्याचे अन्न कसे बदलत जाते, हे त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केले. कॅलॅनस नावाचा, तांदळाच्या कणीएवढा एक प्राणी हेरिंगच्या आहारात फार मोलाचा आहे, हे त्यातून दिसून आले.

१९२५ ते १९२७ या काळात हार्डी 'डिस्कव्हरी' जहाजावरून दक्षिण महासागराच्या मोहिमेवर गेले. देवमासे आणि त्यांचे अन्न यांचा अभ्यास करणे हा त्या मोहिमेचा हेतू होता. तेथे एक अडचण पुढे उभी राहिली. जहाज थांबवून जाळे पाण्यात सोडावयाचे, वर ओढावयाचे, मग पुढे जाऊन पुन्हा सोडावयाचे, अशी रीत होती. परंतु दोन जागांच्या मधल्या समुद्रात काय आहे, हे त्यामुळे कळत नसे. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण समुद्र हा भातासारखा सर्वत्र सारखा शिजलेला नसतो. आकाशात ढग असावेत, तसे प्लवकांचे पुंजके पाण्यात विखुरलेले असतात. एखादे जाळे नेमके पुंजक्यात पडले, तर समुद्र समृद्ध वाटावा. दोन पुंजक्यांच्या मध्ये पडले, तर तोच समुद्र ओसाड वाटावा!

यावर हार्डी यांनी एक यंत्र रचले. हे यंत्र जहाजामागे दोराने ओढले जाते. त्याच्या तोंडाशी बोटभर रुंदीचे एक लहान छिद्र असते. त्यातून पाणी आत शिरते आणि एका रेशमी पट्टीतून गाळले जाऊन मागच्या बाजूने बाहेर पडते. यंत्राच्या शेपटीशी असलेला पंखा पाण्याच्या ओघाने फिरतो आणि त्या गतीने रेशमी पट्टी हळूहळू पुढे सरकते. गाळलेल्या प्लवकांवर दुसरी रेशमी पट्टी येऊन बसते. दोन्ही पट्ट्या मिळून एका रुळावर गुंडाळल्या जातात आणि प्लवक कुजू नयेत म्हणून फॉर्मालिनमध्ये राहतात. अशा रीतीने जहाज चालले, की समुद्र स्वतःच आपली हकीकत रेशमावर लिहीत जातो. पट्टीच्या सुमारे १० सेंटिमीटरमध्ये १० सागरी मैलांचा मजकूर सामावतो.

सप्टेंबर १९३१ मध्ये एका व्यापारी जहाजाने हल येथून जर्मनीतील ब्रेमेन बंदराकडे जाताना हे यंत्र आपल्यामागे ओढत नेले. संशोधनासाठी खास जहाज पाठविण्याची गरज उरली नाही. माल नेणारी जहाजे आपल्या नेहमीच्या मार्गाने जाताना हे काम करू लागली. दुसऱ्या महायुद्धात हे काम थांबले, पण १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि आजही चालू आहे. आता त्याचे मुख्य ठिकाण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लिमथ हे आहे. जहाजांमागून ओढल्या गेलेल्या या यंत्रांनी आजवर ७० लाखांहून अधिक सागरी मैलांचा प्रवास केला आहे.

हार्डी यांनी कोळ्यांसाठीही एक छोटे यंत्र तयार केले होते. त्यात रेशमाची एक गोल चकती बसविलेली असे. जाळी टाकण्यापूर्वी नौकेमागे ते काही वेळ ओढावयाचे आणि मग चकती पाहावयाची. १९३० नंतरच्या काही वर्षांत केलेल्या या प्रयोगात असे आढळले, की चकतीवर कॅलॅनस पुष्कळ असेल, तेथे सरासरीने हेरिंग अधिक मिळे. चकती वनस्पती-प्लवकांनी गर्द हिरवी झाली असेल, तेथे मात्र मासा कमी सापडे. शास्त्रज्ञाचे ज्ञान अशा रीतीने कोळ्याच्या नौकेपर्यंत पोहोचले.

यंत्र पट्टी आणून देते, पण ती वाचावी लागते. येथे तज्ज्ञाचे खरे काम सुरू होते. पट्टी उलगडल्यावर प्रथम तिचा रंग पाहतात. अजिबात हिरवी नाही, अगदी फिकट हिरवी, फिकट हिरवी आणि हिरवी, अशा चार पायऱ्या ठरलेल्या आहेत. मग पट्टीचे दहा-दहा मैलांचे तुकडे केले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्यावरील २० ठरावीक जागा पाहून वनस्पती-प्लवकांची नोंद होते. त्यानंतर लहान प्राणी मोजले जातात. दोन मिलिमीटरहून मोठे प्राणी चिमट्याने एकेक उचलून वेगळे केले जातात आणि त्यांची नावे व संख्या टिपली जातात. शेकडो प्रकारचे जीव या पट्ट्यांवर आढळतात. काही रेशमावर दाबले गेल्यामुळे चपटे झालेले, काहींच्या शृंगिका तुटलेल्या, काही अर्धवट वाढलेले. अशा अवशेषांवरून नाव सांगणे हे एका दिवसात येत नाही. नवशिक्याला अनुभवी तज्ज्ञाजवळ बसून दीर्घकाळ नजर तयार करावी लागते.

हे काम किती बारकाईचे आहे, याचे एक उदाहरण पाहू. उत्तर समुद्रात कॅलॅनसच्या दोन जाती एकमेकींच्या शेजारी राहतात. एकीचे नाव कॅलॅनस फिनमार्किकस. हे नाव नॉर्वेच्या उत्तरेकडील फिनमार्क या प्रांतावरून पडले. ही जात थंड पाण्यात वाढते. दुसरी कॅलॅनस हेल्गोलँडिकस. हिचे नाव जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावरून आलेले आहे. तिला उबदार पाणी मानवते. जुळ्या भावंडांप्रमाणे या दोघी दिसतात. आकार सारखा, रंगही सारखा. ओळखण्याची खूण आहे ती पायांच्या पाचव्या जोडीवर. या पायाच्या आतल्या कडेवर बारीक दातांची एक ओळ असते. ती जवळजवळ सरळ असली, तर प्राणी पहिल्या जातीचा. वाकडी, आत वळलेली असली, तर दुसऱ्या जातीचा. तांदळाच्या कणीएवढ्या प्राण्याच्या पाचव्या पायावरील दातांची ओळ! अगदी लहान पिल्लांमध्ये ही खूण तयार झालेली नसते. तेव्हा तज्ज्ञ अंदाजाने नाव लावीत नाही, 'कॅलॅनसची पिल्ले' एवढेच लिहितो. जेवढे दिसले तेवढेच लिहावे, हा या व्यवसायाचा पहिला नियम होय.

इतका काटेकोरपणा कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर अनेक वर्षांनी मिळाले. १९५८ पासून या दोन जातींची मोजदाद वेगवेगळी होऊ लागली. तेव्हा उत्तर समुद्रात थंड पाण्याची जात बहुसंख्य होती. पुढील दशकांत ती घटत गेली आणि उबदार पाण्याची जात वाढत गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ ग्रेगरी बोग्रां आणि त्यांचे सहकारी यांनी या नोंदी एकत्र करून अभ्यासल्या. उबदार पाण्यातील असे प्राणी सुमारे ४० वर्षांत १० अक्षांशांपर्यंत उत्तरेकडे सरकले आहेत, असे त्यांनी २००२ साली दाखवून दिले. समुद्र तापत असल्याची ती साक्ष होती.

याचा संबंध थेट माणसाच्या ताटाशी आहे. कॉड हा उत्तर समुद्रातील प्रसिद्ध मासा. त्याची पिल्ले वसंत ऋतूत बाहेर पडतात आणि त्याच वेळी फिनमार्किकस जात विपुल असते. हेल्गोलँडिकस जातीला मात्र बहर येतो तो उन्हाळा सरता सरता. बाळाला भूक लागावी आणि ताटात अन्न वाढले जावे ते काही महिन्यांनी, तसा हा प्रकार झाला. कॉडची संख्या घटण्यास अतोनात मासेमारी कारणीभूत होतीच. पिल्लांचे अन्न बदलणे हेही त्याचे एक कारण असल्याचे २००३ साली याच शास्त्रज्ञांनी मांडले. १९५८ मध्ये एखाद्याने कंटाळून दोन्ही जाती एकाच नावाखाली लिहिल्या असत्या, तर हा बदल कोणाच्याही ध्यानी आला नसता. एकूण आकडे पुढे आले असते, पण त्यांतील सत्य मात्र लपून राहिले असते.

मोजून झालेल्या पट्ट्या फेकून देत नाहीत. त्या जपून ठेवतात. याचाही लाभ पुढे झाला. प्लिमथ येथील शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या जुन्या पट्ट्या पुन्हा उघडून पाहिल्या. त्यांत प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म तंतू सापडले आणि काळाच्या ओघात ते वाढल्याचे दिसले. २००४ साली हे जगापुढे आले. ज्या लोकांनी त्या पट्ट्या जपल्या, त्यांच्या मनात प्लॅस्टिकचा विचारही नव्हता. त्यांनी आपले काम नीट केले, म्हणून पुढच्या पिढीला नवा प्रश्न विचारता आला.

आपल्या देशातही या विद्येचा पाया असाच घातला गेला. १९६५ पर्यंत चाललेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक राष्ट्रांच्या जहाजांनी प्लवक गोळा केले. त्यांची निवड व वर्गवारी करण्यासाठी कोचीन येथे केंद्र स्थापन झाले. ठरावीक मापाच्या जाळ्याने आणलेले प्लवक तेथे गटागटांनी वेगळे केले जात आणि त्या त्या गटाच्या जाणकारांकडे सोपविले जात. १९६६ च्या जानेवारी महिन्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य केंद्र गोव्यातील दोनापावला येथे आहे आणि प्लवकांचा अभ्यास तेथे आजही चालतो.

प्लवकांच्या तज्ज्ञाचे नाव सहसा कोणी ऐकलेले नसते. समुद्राच्या काठी राहूनही त्याचा बहुतेक दिवस एका खोलीत, यंत्राच्या नळीला डोळा लावून जातो. आज लिहिलेल्या आकड्याचा अर्थ त्याला आज कळेलच असे नाही. कदाचित तो ४० वर्षांनी दुसऱ्यालाच कळेल. तरीही तो प्रत्येक पाय पाहतो, प्रत्येक दात तपासतो आणि मगच नाव लिहितो. अफाट समुद्राची नाडी अशा धीमेपणानेच हाती लागते.

शब्दार्थ
साका – पाणी गाळल्यावर किंवा निवळल्यावर उरणारा बारीक भाग.
शृंगिका – कीटक, झिंगे इत्यादींच्या डोक्यावरील मिशांसारखे अवयव.
सागरी मैल – समुद्रावरील अंतर मोजण्याचे माप, सुमारे १.८५ किलोमीटर.
मोजदाद – गणती.
अतोनात – बेसुमार, प्रमाणाबाहेर.

स्वाध्याय
१. प्लवकांस समुद्रातील कुरण का म्हटले आहे?
२. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण समुद्राला का लागू पडत नाही?
३. हार्डी यांच्या यंत्राचे कार्य तुमच्या शब्दांत लिहा व त्याची आकृती काढा.
४. कॅलॅनसच्या दोन जाती कशा ओळखतात? त्या वेगळ्या मोजल्यामुळे कोणती गोष्ट उघड झाली?
५. 'जेवढे दिसले तेवढेच लिहावे' हा नियम इतर कोणकोणत्या कामांत उपयोगी पडेल? दोन उदाहरणे द्या.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : ध्यानी येणे, मानवणे, हाती लागणे.