कोणती खोली?

दिंडोरी, फेब्रुवारी

चि. रेवतीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. पॉलिअनिलीन आणि टिन ऑक्साइडचे मिश्र नॅनोतंतू, त्यांवर अमोनिया ओळखायचा, तोही न तापवता. मला फार बरं वाटलं. अमोनियाशी माझी ओळख जुनी.

आपल्याकडे द्राक्षं, म्हणून शीतगृहं, आणि मोठं शीतगृह म्हटलं की बहुधा अमोनियाच. मी २२ वर्षं मशिनरूममध्ये काढली. गंधकाची वात पेटवून पाइपच्या सांध्यांवरून फिरवायचो. गळती असली की पांढरा धूर उठायचा. एका रात्री व्हॉल्व्हचं पॅकिंग हळूहळू सुटत गेलं. रोजच्या वासाला सरावलेल्या माझ्या जोडीदाराच्या नाकाला ते फार उशिरा कळलं. ओला पंचा तोंडाला बांधून त्याला बाहेर ओढला. त्याचे डोळे कितीतरी दिवस चुरचुरत होते.

म्हणून विचारतो. ‘खोलीच्या तापमानाला’ असं लिहिलंयस, ती खोली कोणती गं? तुझ्या प्रयोगशाळेत २५ अंश आणि कोरडी हवा. द्राक्षांच्या खोलीत शून्याच्या आसपास, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. नाहीतर देठ सुकतात. ओलाव्यानेही पॉलिअनिलीनचा रोध बदलतो, आणि थंडीत तंतूला चिकटलेला वायू सुटायला वेळ लागतो. शिवाय निर्यातीच्या पेटीत बुरशी रोखायला पॅड ठेवतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. अमोनिया तंतूतले प्रोटॉन ओढून घेतो, म्हणून रोध वाढतो. आम्लधर्मी वायू उलट बाजूला ओढू शकतो. दोन्ही एकदम आले तर मीटर काय दाखवेल? आराखड्यात हे नाही. घाल. आलेख बिघडला तरी घाल.

आलेख १०० पीपीएमपासून सुरू करू नकोस. पाळीभर श्वासात जाणाऱ्या अमोनियाची मर्यादा २५ धरतात. ३०० म्हणजे जिवाला धोका. माणसाला सावध करायचं ते या दोन आकड्यांच्या आत.

न तापवण्याचा हट्ट मात्र सोडू नकोस. नुसत्या टिन ऑक्साइडचे सेन्सर २०० ते ४०० अंशांना तापवावे लागतात. तुझी तंतूंची पट्टी छोट्या बॅटरीवर चालेल, रात्री लाइट गेली तरी. आमच्याकडे ती जातेच.

तंतू ओढताना सुईला हजारो व्होल्ट असतात, तेव्हा एकटी थांबू नकोस.

मार्चमध्ये ये, खोल्या मालाने भरलेल्या असताना. मालकांशी बोलून ठेवलंय. पट्टी आण, आणि जाड स्वेटर.

तुझा,
मामा