लिंबूवर्गीय फळांचा राष्ट्रीय ताळेबंद आणि निघोज्याचे बांध

देशात दरसाल दरमाणशी किती लिंबूवर्गीय फळे उपलब्ध होतात, याचा आकडा आपल्या वाचनात कधी ना कधी आला असेल. हा आकडा झाडाखाली बसून मोजलेला नसतो, किंवा घरोघर विचारून काढलेलाही नसतो. तो हिशेबाने निघतो. तो हिशेब कसा मांडतात हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजावून घेणे अगत्याचे आहे. कारण त्यातील पहिली नोंद गावातच होते, आणि तेथे राहिलेली उणीव पुढील कचेऱ्यांत सहसा भरून निघत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने रूढ केलेली पद्धत थोडक्यात अशी आहे. वर्षाच्या उत्पादनात आयात मिळवावी. साठ्यातील वाढघट लक्षात घेऊन त्यातून निर्यात, नासाडी आणि खाण्याखेरीज इतर कामी गेलेला माल वजा करावा. जे उरेल त्यास लोकसंख्येने भागावे. रसाच्या बाटल्यांचेही मूळ फळाच्या वजनात रूपांतर करतात. संत्री व मोसंबी एका सदरात पडतात, लिंबे दुसऱ्यात. म्हणजे नागपूरचे संत्रे आणि जालन्याची मोसंबी, जी आपल्या बाजारात वेगळ्या भावाने विकली जातात, ती तेथे एकाच रकान्यात बसतात.

आता आपण स्वतःच हिशेब करून पाहू. अलीकडील वर्षांत भारतात लिंबूवर्गीय फळांचे उत्पादन ढोबळ मानाने १ कोटी ४० लाख टन आहे, व लोकसंख्या सुमारे १४० कोटी. भागाकार केल्यास दरमाणशी १० किलो येतात. लुधियाना येथील काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या फळांची नासाडी सुमारे १० टक्के आढळली होती. ती वजा जाता ९ किलो, म्हणजे दररोज २५ ग्रॅमच्या आसपास. साल, चोथा व बी काढल्यावर तोंडात पडणारा भाग त्याच्या दोनतृतीयांश धरला तर १६ ग्रॅम. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दररोज १०० ग्रॅम फळे खाण्याची शिफारस करते. केळी, आंबा, पेरू यांचा हिशेब निराळा आहे हे खरे. तरीही अंतर ध्यानात यावे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. ‘उपलब्ध’ म्हणजे ‘खाल्लेले’ नव्हे, आणि आकडा वाढला म्हणजे बागायतदाराचे भले झाले असेही नव्हे. बांगलादेशाने आयातशुल्क वारंवार वाढविल्यामुळे २०२३ च्या सुमारास विदर्भातील संत्र्यांची तेथे होणारी निर्यात फार घटली. ताळेबंदात निर्यातीचा रकाना लहान झाला की देशांतर्गत उपलब्धता आपोआप फुगते. कागदावर जेवणारा सुखी दिसतो, आणि वरुड-मोर्शीकडील बागायतदार पडत्या भावाने माल देऊन मोकळा होतो.

वार्षिक सरासरी हंगामही झाकून टाकते. लिंबांच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर असून ते ३५ लाख टनांहून अधिक आहे. दरमाणशी अडीच किलो, म्हणजे ४० ग्रॅमचे फळ धरल्यास वर्षाला साठ-बासष्ट लिंबे. आठवड्याला एक लिंबू प्रत्येकास मिळावे असा हा हिशेब आहे. पण एप्रिल २०२२ मध्ये अनेक शहरांत एकेका लिंबास दहा-पंधरा रुपये पडले. उन्हाळ्यात निघणारे फळ हस्त बहाराचे असते. त्या बहाराची फूट बिघडली की ऐन मागणीच्या महिन्यात बाजार रिकामा राहतो. पावसाळ्यातील मुबलक लिंबे ती उणीव कागदावर भरून काढतात, बाजारात नाही.

खेड तालुक्यातील निघोज्यासारख्या गावी या भागाकाराची दोन्ही अंगे अवघड होतात. चाकण औद्योगिक क्षेत्र आल्यापासून शेताच्या जागी कारखाने व भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. राहिलेल्या शेतांत लिंबाची सलग बाग नसली तरी बांधावर, विहिरीकाठी व परसात एखाददुसरे झाड असू शकते. समजा अशी ५० झाडे आहेत आणि प्रत्येकी वर्षाला १,००० फळे देतात. ४० ग्रॅमप्रमाणे तो माल २ टन झाला. झाडे नोंदलीच नाहीत, तर ही सर्व फळे गाव खाईल आणि हिशेबात त्यांची जागा शून्य राहील.

भाजकाचीही तीच कथा. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे २०११ नंतरच्या वर्षांसाठी लोकसंख्येचा अंदाजच वापरावा लागला. खोल्यांतून राहणारे कामगार गावच्या मतदारयादीत बहुधा नसतात, परंतु जेवणात लिंबू पिळतातच. वरील ५० झाडांचा माल ४,००० माणसांत वाटला तर प्रत्येकी अर्धा किलो, आणि ८,००० माणसांत वाटला तर पाव किलो. झाडे तीच, माणसे मोजण्यात फरक.

पीक नोंदविण्याचे काम पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर नोंद करावी, अशी व्यवस्था महाराष्ट्रात झाली. तीत बांधावरील झाडांसाठीही जागा आहे, पण घाईत ती सोडून दिली जाते. कार्यकर्त्यांनी नोंदणीच्या मुदतीत शेतकऱ्यासोबत बांधावरून एक फेरी मारावी. लिंबाची झाडे मोजताना फळ धरणारी व न धरणारी वेगळी लिहावीत, आणि वठलेले झाड पुन्हा मोजू नये. परसातील झाडांची निराळी यादी आपल्या वहीत ठेवावी. ती सातबाऱ्यावर जाणार नाही, परंतु गावात उन्हाळ्यासाठी लिंबे पुरतील की चाकणच्या बाजारातून आणावी लागतील, हे तिच्यावरूनच कळेल.