प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतोय? नवा घ्यायच्या आधी हे बघा

जून महिना, दुकानात दाखले आणि प्रवेशअर्जांची गर्दी, आणि नेमका तेव्हाच प्रिंटर ‘ऑफलाइन’. समोर सहा गिऱ्हाइकं उभी, त्यातली दोन शेजारच्या दुकानात निघून गेली. माझ्याकडे हे महिनाभर चाललं होतं. टेक्निशियन तीनदा आला. दर वेळी प्रिंटर काँप्युटरमधून काढून परत जोडायचा आणि ३०० रुपये घ्यायचा. चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. शेवटी मी १८,००० चा नवा प्रिंटर घ्यायला निघाले होते. घेतला असता तर तोही चार दिवसांत ऑफलाइन झाला असता, कारण दोष प्रिंटरमध्ये नव्हताच.

दोष होता पत्त्यात. राउटरला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला राउटर एक नंबर देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. हाच आयपी ॲड्रेस. तो कायमचा नसतो. लॉजसारखं आहे: आज १० नंबरची खोली मिळाली, पुढच्या खेपेला जी रिकामी असेल ती. आपल्याकडे लाइट जाते-येते. राउटर आणि प्रिंटर नव्याने चालू होतात, तोवर १० नंबर कुणाच्या तरी मोबाइलला गेलेला असतो आणि प्रिंटरला १४ मिळतो. काँप्युटर मात्र अजून १० चंच दार वाजवत बसलेला. टेक्निशियन परत जोडायचा तेव्हा काँप्युटरला नवी खोली सापडायची, पुढची लाइट जाईपर्यंत!

तुमच्याकडे हाच घोळ आहे का, ते आधी पक्कं करा. प्रिंटर ऑफलाइन झाला की लगेच बंद-चालू करू नका, पुरावा जातो. प्रिंटरच्याच मेनूमधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा. काँप्युटरशी संपर्क नसला तरी हे पान निघतं. त्यावर प्रिंटरचा सध्याचा आयपी असतो. मग विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज उघडून ‘पोर्ट्स’ टॅबवर बघा, काँप्युटर कुठला नंबर धरून बसलाय. दोन्ही वेगळे असतील तर चोर सापडला.

पानावरचा नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे प्रिंटरला राउटरकडून नंबरच मिळालेला नाही. केबल किंवा वाय-फायचा पासवर्ड तपासा. राउटर नवा घेतला असेल तर हेही बघा की बरेच साधे प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात, ५ चं त्यांना दिसतच नाही.

आता इलाज. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (त्याच छापलेल्या पानावर असतो, १२ अक्षर-अंकांचा) आणि त्याला द्यायचा आयपी लिहून सेव्ह करा. म्हणजे ती खोली कायम प्रिंटरच्या नावावर. एक चूक मी स्वतः केली ती सांगते: केबलचा आणि वाय-फायचा मॅक ॲड्रेस वेगवेगळा असतो. प्रिंटर ज्या मार्गाने जोडलाय त्याचाच लिहा. मी दुसरा लिहिला आणि दोन दिवस डोकं धरून बसले.

त्यानंतर प्रिंटर बंद-चालू करा. प्रत्येक काँप्युटरवर त्याच ‘पोर्ट्स’ टॅबमध्ये ‘ॲड पोर्ट’ करून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा आणि तो नंबर टाका. आधी तिथे ‘डब्ल्यूएसडी’ असं काही लिहिलेलं असेल तरी हेच करा, त्या पोर्टने मला फार सतावलंय.

एवढं करूनही ऑफलाइन दाखवत असेल आणि नंबर दोन्हीकडे तोच असेल, तर ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची टिक काढून बघा. कधी कधी प्रिंटर ठणठणीत असतो, फक्त या चौकशीला उत्तर देत नाही आणि विंडोज त्याला मेलेला समजतं.

राउटर छोट्या यूपीएसवर लावलात तर उत्तम. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नका, तापताना तो एवढी वीज ओढतो की यूपीएस बसतो.

आणि इंटरनेटवाल्याने राउटर बदलून दिला तर रिझर्व्हेशन नव्याने करावं लागतं. म्हणून मॅक ॲड्रेस आणि आयपी चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या मागे चिकटवून ठेवा.