रिसीव्हर दुरुस्तीला नेण्याआधी

होम थिएटरचा रिसीव्हर एका डब्यात तीन कामे करतो. सेट टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर किंवा टीव्हीकडून आलेला सिग्नल तो घेतो, त्यातला आवाज उलगडून पाच-सात स्पीकरांत वाटतो आणि तो आवाज स्पीकर हलवण्याइतका जोरकस करतो. चित्र तो पुढे टीव्हीकडे पाठवून देतो. तक्रार यांपैकी कोणत्या कामातली आहे हे न पाहता डबा उचलून दुकानात नेला, तर तिथे तो ठणठणीत वाजतो आणि घरी आल्यावर पुन्हा गप्प बसतो. कारण बिघाड बहुधा मागच्या तारांत, सेटिंगमध्ये किंवा भिंतीतल्या वायरिंगमध्ये, म्हणजे घरीच राहिलेला असतो.

आवाजच येत नसेल तर पहिली चाचणी रिसीव्हरच्या मेन्यूतच असते. टेस्ट टोन सुरू केला की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने खरखर ऐकू येते. ती सगळीकडून आली, तर स्पीकर, त्यांच्या तारा आणि अँप्लिफायर ठीक आहेत. दोष सिग्नल येण्याच्या वाटेत शोधायचा. एकच स्पीकर मुका राहिला, तर प्लग काढून रिसीव्हरच्या मागे डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. तरीही तोच स्पीकर मुका असेल तर तार किंवा स्पीकर गेला. आता दुसरा मुका झाला असेल तर रिसीव्हरचा तो चॅनेल गेला. हे सगळे करण्याआधी हेडफोनचा जॅक लावलेला राहिला नाही ना, हे पाहावे. तो लावलेला असला की सगळे स्पीकर बंद होतात, आणि ही गोष्ट सर्वात शेवटी लक्षात येते.

सर्वात घाबरवणारा प्रकार म्हणजे रिसीव्हर मध्येच बंद पडून लाल दिवा लुकलुकणे. याला प्रोटेक्शन म्हणतात. शॉर्ट सर्किट, अति उष्णता किंवा आतला बिघाड जाणवला की रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. एका घरात रंगकामानंतर हा प्रकार सुरू झाला. मारामारीचे दृश्य आले, आवाज वाढवला की रिसीव्हर बंद. दुरुस्तीवाल्याने अँप्लिफायरचे बोर्ड बदलावे लागेल असे सांगितले. प्रत्यक्षात रंगाऱ्यांनी सोडलेल्या तारा पुन्हा जोडताना तांब्याचा केसाएवढा एक धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला होता. म्हणून प्रोटेक्शन आले की प्लग काढून सगळ्या स्पीकरांच्या तारा सोडाव्यात आणि नुसता रिसीव्हर सुरू करावा. आता तो सुरू राहिला तर एकेक स्पीकर जोडत जावे. काहीच जोडलेले नसतानाही बंद पडला, तर बिघाड खरोखर आत आहे. तारेची टोके घट्ट पिळून, शक्य तर बनाना प्लग लावून जोडावीत. किनारपट्टीच्या दमट हवेत उघडे तांबे हिरवे पडते; तेवढा भाग कापून नवे टोक सोलावे.

याच प्रकारात मोडणारी एक चूक फार घरांत होते. बाल्कनीतही गाणी हवीत म्हणून त्याच टर्मिनलला आणखी एक स्पीकर जोडला जातो. आठ ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की रिसीव्हरला चारच ओहम दिसतात आणि करंट दुप्पट मागितला जातो. शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवलेला रिसीव्हर मग तापून बंद पडणारच. वरची जाळी मोकळी हवी. तिच्यावर सेट टॉप बॉक्स ठेवू नये.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या रिसीव्हरच्या पाठीवरची पट्टी प्लग लावण्याआधी वाचावी. तिथे १२० व्होल्ट लिहिले असेल, तर तो २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावता येत नाही. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

टीव्हीचा आवाज रिसीव्हरवर न येणे ही आजची सर्वात नेहमीची तक्रार. टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे परत पाठवणारी एआरसी ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली, पण ती टीव्हीच्या ठरावीक पोर्टवरच असते आणि त्या पोर्टवर तसे छापलेले असते. शिवाय उपकरणांना एचडीएमआयवरून एकमेकांना आज्ञा देऊ देणारे सीईसी दोन्हीकडे चालू असावे लागते. सीईसीला प्रत्येक कंपनीने वेगळे नाव दिल्यामुळे मेन्यूत ते सापडत नाही: सोनीकडे ब्राव्हिया सिंक, सॅमसंगकडे एनीनेट प्लस, एलजीकडे सिंपलिंक. लाइट जाऊन आल्यावर ही उपकरणे एकमेकांना ओळखेनाशी होतात. अशा वेळी सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढून काही मिनिटांनी आधी टीव्ही, मग रिसीव्हर सुरू केला की बहुधा काम होते. रिमोटने बंद करणे म्हणजे बंद करणे नव्हे.

आवाज आहे पण फोर-के चित्र काळे, तर दोन शक्यता. जुन्या रिसीव्हरला एचडीसीपी २.२ ही कॉपीविरोधी प्रणाली कळत नाही. तेव्हा प्लेअर थेट टीव्हीला जोडून आवाज एआरसीने परत घ्यावा. चित्र मधूनच जात असेल किंवा चांदण्या चमकत असतील, तर संशय केबलवर. फोर-के ६० फ्रेमला १८ गिगाबिटपर्यंतचा वेग लागतो आणि भिंतीतून ओढलेली लांब साधी केबल तिथे कमी पडते. छोटी केबल लावून खात्री करावी. फायबरच्या एचडीएमआय केबलला दिशा असते. उलटी लावली तर काहीच दिसत नाही.

सगळे स्पीकर असूनही दोनच वाजत असतील, तर रिसीव्हरच्या पडद्यावर आत येणाऱ्या सिग्नलचे नाव वाचावे. तिथे पीसीएम दोन चॅनेल दिसले, तर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएमऐवजी ऑटो किंवा बिटस्ट्रीम निवडायचे. तरी फरक नसेल तर कार्यक्रमच स्टिरिओ आहे. संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणी कर्कश, याला सेंटर स्पीकर दोन-तीन डेसिबल वाढवणे आणि रात्री डायनॅमिक रेंजचे सेटिंग वापरणे हा उपाय. आवाज ओठांच्या आधी येत असेल तर ऑडिओ डिले वाढवावा. मागून येत असेल तर तो शून्यावर आणून प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा.

माइक लावून केलेले कॅलिब्रेशन पंखा आणि मिक्सर चालू असताना केले तर फसते. त्यानंतर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती मर्यादा, साधारण ८० हर्ट्झवर आहे का, एवढे पाहिले की पुरते.

सतत घोंघावणारा ५० हर्ट्झचा गुंजारव अर्थिंगमधून येतो. सर्वात आधी डिशची केबल सेट टॉप बॉक्समधून काढून पाहावी. गुंजारव थांबला तर वाट सापडली. प्लगची अर्थ पिन तोडून हा आवाज घालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो जिवावर बेतू शकतो. वळिवाच्या पावसात वीजही याच डिशच्या केबलमधून आत येते आणि एचडीएमआयचे पोर्ट जाळते. स्पाइक बस्टर इथे उपयोगाचा नाही; केबल काढून ठेवावी.

फॅक्टरी रीसेट शेवटी, सगळ्या सेटिंगचे फोटो काढून मग. डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो. दुरुस्तीवाल्याला ‘चालत नाही’ एवढेच न सांगता वरच्या चाचण्यांत काय दिसले ते सांगावे. जुन्या मॉडेलचे एचडीएमआय बोर्ड मिळाले नाही, तरी अँप्लिफायर शाबूत असतो. टीव्हीची ऑप्टिकल केबल लावून ५.१ चा आवाज त्यावर पुढेही ऐकता येतो.