कोथरूड की विमाननगर?

प्रश्न : पतीचं ऑफिस खराडीला, पत्नीची नोकरी कर्वे रस्त्यावरच्या कॉलेजात, सोबत वृद्ध सासूबाई. पुण्यात भाड्याचं घर कुठे घ्यावं, असं एका वाचक दांपत्याने विचारलं आहे.

उत्तर : वनाझ ते रामवाडी मेट्रो 2024च्या मार्चमध्ये पूर्ण झाली आणि हा प्रश्न बराच सोपा झाला. एका टोकाला कोथरूड, दुसऱ्या टोकाशी विमाननगर. पण मेट्रो रामवाडीलाच संपते. पुढे खराडीपर्यंत बस किंवा रिक्षा आलीच. म्हणजे कोथरूडला राहिल्यास पतीला रोज दोन वाहनं. पत्नीला मात्र कुठूनही सोयीचं, कारण गरवारे कॉलेज आणि नळस्टॉप ही स्थानकं कर्वे रस्त्यावरच आहेत.

विमाननगरला विमानतळ हाकेच्या अंतरावर. तोच हवाई दलाचाही तळ असल्याने लढाऊ विमानांचा आवाज ऐकू येतो. घर पाहायला एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी जावं.

कोथरूडचा खरा लाभ सासूबाईंना. मराठी शेजार, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, पायी अंतरावर दवाखाने आणि भाजी. दिवसभर घरात त्याच असणार, म्हणून त्यांचं मत सर्वांत वजनदार मानायला हवं.

एक इशारा मात्र गंभीर आहे. कोथरूडच्या अनेक जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. लिफ्ट नसलेला तिसरा मजला टाळावाच, शिवाय अकरा महिन्यांचा करार करण्याआधी सोसायटीच्या सचिवांना थेट विचारावं : बिल्डर ठरला आहे का?

या कुटुंबासाठी कौल कोथरूडला. घर आनंदनगर किंवा आयडियल कॉलनी स्थानकापासून चालत जाता येईल असंच शोधावं.