एक्सएमएल आपोआप होत नाही

‘तुमची ती हॅस्केल म्हणजे हौशी लोकांची भाषा,’ असं ग्राहक कंपनीच्या माणसाने भर बैठकीत ऐकवलं, आणि आमचे आर्किटेक्ट गप्प बसून राहिले. ते मला अजून खुपतं. कारण दोष भाषेचा नव्हता; रेकॉर्डमधल्या फील्डचं नाव तोच टॅग आणि आतली किंमत ‘शो’ फंक्शनमधून, ही एक्सएमएलमध्ये आपोआप रूपांतराची सोय त्यांनीच बसवली होती. प्रत्येक टाइपचं रूपांतर हाताने लिहू या, असं मी सांगत होते. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ म्हणून विषय संपवला गेला.

चाचणीत इंग्रजी नावं होती, सगळं सुरळीत गेलं. त्या कंपनीला खऱ्या पावत्या जाऊ लागल्या आणि समोरून नुसतं ‘फाइल नाकारली’ एवढंच येऊ लागलं. ना ओळ, ना कारण. शेवटी त्यांचाच स्कीमा लावून मी एक्सएमएललिंट चालवलं, तेव्हा उलगडलं. कराचा दर ०.०५, ‘शो’ने तो घातांकाच्या रूपात, ५.० आणि दहाचा उणे दोनवा घात असा लिहिला होता. स्कीमातल्या डेसिमलला घातांक चालतच नाही. त्याच पावतीत ग्राहकाच्या नावातल्या ‘म’च्या जागी \२३५० बसलं होतं. ‘शो’ हॅस्केलच्या कोडसाठी लिहितं, दुसऱ्या कंपनीसाठी नाही. फाइल सुघटित होती, पण स्कीमाप्रमाणे वैध नव्हती, आणि कंपायलरला स्कीमा ठाऊकच नसतो. उद्या कुणी फील्डचं नाव बदललं तर टॅगही मुकाट्याने बदलेल.

वॉलेस आणि रन्सिमन यांनी १९९९ मध्येच हॅक्सएमएल या लायब्ररीतून डीटीडीवरून हॅस्केलचे टाइप काढून दाखवले होते. आधी करार, मग टाइप. आमच्याकडे उलटी गंगा.

म्हणून सांगते, टॅगची नावं रूपांतराच्या फंक्शनमध्ये स्वतः लिहा. वाचणं आणि लिहिणं दोन्ही लागत असेल तर एचएक्सटी लायब्ररीचे पिकलर घ्या, एकाच वर्णनात दोन्ही दिशा मिळतात. रकमा डबलमध्ये ठेवू नका. ‘नथिंग’ आलं तर घटक गाळायचा की रिकामा ठेवायचा, हे लेखी विचारून घ्या. रिकामा घटक डेसिमल म्हणून वैध ठरत नाही. एक्सएमएल १.० मध्ये टॅब आणि ओळ बदलणारी दोन चिन्हं सोडली तर ३२ च्या खालचं एकही चिन्ह चालत नाही, तेव्हा जुन्या डेटाबेसमधला मजकूर आधी गाळून घ्या. चाचण्या भरपूर लिहा. प्रत्येक बिल्डला स्कीमाची तपासणी जोडा.

आमची सगळी रूपांतरं नंतर मीच हाताने लिहिली. आर्किटेक्टनी त्यावर अजून चकार शब्द काढलेला नाही.